मेसवर जेवायला लागलात? पोटाची घडी बसवायचे चार आठवडे

पुण्यात शिकायला किंवा नोकरीला आलेल्या माणसाचं पोट साधारण तिसऱ्या आठवड्यात कुरकुरायला लागतं. पहिले पंधरा दिवस घरून आणलेल्या लाडू-चिवड्यावर आणि नव्या शहराच्या उत्साहावर निघून जातात. मग सकाळी पोट साफ होत नाही, दुपारी डब्ब वाटतं, रात्री छातीत जळजळतं. माझंही हेच झालं होतं. लातूरकडून आलो, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहिलो आणि महिनाभर मेसच्या तेलाला नावं ठेवली. मेस बदलली, पण जळजळ तीच. तिसरी शोधायला निघालो तेव्हा रूम पार्टनरने विचारलं, "तू जेवतोस कधी?"

घरी नऊला भाकरी, एकला जेवण, संध्याकाळी साडेसातला ताट. पुण्यात मात्र अभ्यासिकेतून रात्री दीडला परत, सकाळी साडेदहाला उठून अमृततुल्यचा चहा, दुपारी मेस बंद व्हायच्या पाच मिनिटं आधी धावत जाऊन गिळलेल्या सहा पोळ्या आणि रात्री दहाला पुन्हा तेच. भाजीत तेल होतंच. पण माझं घड्याळ त्याहून बिघडलं होतं.

मेसच्या काकूंचा स्वयंपाक तुम्ही बदलू शकणार नाही. ताटाच्या आजूबाजूचं मात्र बरंच काही तुमच्या हातात असतं. ते एकदम बदलायला गेलात तर चौथ्या दिवशी सगळं सोडून द्याल, म्हणून एका आठवड्याला एकच गोष्ट घ्या.

पहिला आठवडा: फक्त लिहा

या आठवड्यात काहीही सोडू नका, काहीही सुरू करू नका. एक छोटी वही घ्या आणि रोज चार गोष्टी टिपा: काय आणि किती वाजता खाल्लं, चहा किती वेळा झाला, झोपायला कधी गेलात, आणि संडासला कधी गेलात, कशी झाली.

शेवटचं लिहायला लाज वाटते, पण सगळ्यात कामाचं तेच आहे. डॉक्टर यासाठी ब्रिस्टल तक्ता वापरतात. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात तो तयार झाला आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सात प्रकार आहेत. पहिला म्हणजे शेळीच्या लेंड्यांसारखे सुटे कडक गोळे, सातवा म्हणजे निव्वळ पाणी. तिसरा आणि चौथा, म्हणजे केळ्यासारखी सलग, फार तर वरून थोडी भेगाळलेली, हा चांगला. वहीत नुसता आकडा लिहिला तरी चालतं, आणि पार्टनरने वही उघडली तरी त्याला काही कळत नाही.

आपल्याकडे रोज सकाळी पोट साफ झालं नाही की घरात सुतकी वातावरण होतं. दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा, यातलं काहीही निरोगी माणसात चालतं. तुमची नेहमीची लय कोणती आणि ती मोडली कधी, एवढंच वहीतून शोधायचं आहे. दहापैकी सात जण आठवडा संपायच्या आतच स्वतः सांगतात, "अरे, मी तर रोज दहानंतर जेवतोय." हा माझा ओळखीपाळखीतला अंदाज आहे, पाहणी वगैरे नव्हे.

दुसरा आठवडा: घड्याळ

इथे जरा रेंगाळतो, कारण खरा फरक इथेच पडतो.

पोटात काही पडलं की जठर ताणलं जातं आणि खाली मोठ्या आतड्याला "जागा करा" असा निरोप जातो. हा निरोप सकाळी उठल्यानंतर आणि पहिल्या खाण्यानंतर सगळ्यात जोरात पोहोचतो. घरी असताना तुम्ही नकळत तो पाळत होता. हॉस्टेलवर त्याच वेळी संडासबाहेर बादल्यांची रांग असते. आठ मुलांत एक संडास. कळ येते, तुम्ही थांबता, कळ जाते. आतडं मात्र थांबत नाही, ते आतल्या मळातलं पाणी शोषत राहतं. दुपारपर्यंत चार नंबरचा मामला दोनवर येतो. चार-सहा महिने असं केलं की कळ यायचीच कमी होते.

म्हणून रांगेच्या वीस मिनिटं आधी उठा. कोमट पाणी किंवा चहा घ्या, सोबत एखादं केळं खा आणि दहा मिनिटांत जाऊन या. कळ आली नाही तरी जाऊन बसा, पण दहा मिनिटांच्या वर नाही आणि मोबाइल बाहेर ठेवून. कोमट पाण्यात लिंबू-मध घालायचं तर घाला. मला त्यात काही जादू दिसलेली नाही. काम होतं ते ठरल्या वेळी पोटात काहीतरी गेल्यामुळे. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर तुम्ही नशीबवान आहात. उकिडवं बसलं की गुदाशयाचा वाकलेला मार्ग सरळ होतो आणि जोर कमी लावावा लागतो. कमोड असेल तर पायाखाली प्लास्टिकचं बुटकं स्टूल घ्या.

आता रात्रीचं. मेसची थाळी जठरातून पुढे सरकायला तीन-चार तास लागतात. तर्री जास्त असेल तर आणखी, कारण तेल-तूप जठराला धीमं करतं. दहाला जेवून साडेदहाला आडवे झालात तर भरलेलं जठर आणि अन्ननलिका एका पातळीत येतात. मधली झडप थोडी जरी सैल असली तरी आम्ल वर चढतं. मेस आठला उघडत असेल तर सव्वाआठला जेवून मोकळे व्हा आणि झोपेआधी तीन तास ठेवा.

"पण मी एकपर्यंत वाचतो, मला साडेअकराला भूक लागते." लागू द्या. केळं, मूठभर फुटाणे, पचत असेल तर कपभर दूध. मॅगी नको, आणि कोपऱ्यावरची अंडाभुर्जी तर नकोच. पोट त्या वेळी आवरतं घेत असतं.

जळजळ तरीही होत असेल तर कॉटच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली विटा घाला, सहा-सात इंच उंच होईल एवढ्या. दोन उशा घेऊन भागत नाही, त्याने मान वाकते आणि पोट दुमडतं. डाव्या कुशीवर झोपलात तरी फरक पडतो, कारण त्या बाजूला झोपलं की जठर अन्ननलिकेच्या खाली राहतं. घरमालकांनी मला विटांबद्दल विचारलं तेव्हा मी "वास्तू" म्हणून सांगितलं होतं. पुढे कधी विचारलं नाही.

चहा सोडा असं मी म्हणणार नाही, स्वतः सोडला नाही. फक्त दोन नियम. पहिला कप नुसत्या पोटी नको आणि शेवटचा संध्याकाळी पाचच्या आत. चहातलं कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. रात्री नऊच्या कटिंगने झोप लांबते, जाग उशिरा येते आणि सकाळची ती वेळ पुन्हा हुकते.

तिसरा आठवडा: घास आणि घोट

अनलिमिटेड थाळीचा शत्रू म्हणजे तुमच्या खुर्चीमागे उभा राहून ताटाकडे बघणारा पुढचा माणूस. त्याच्याकडे बघू नका. पोट भरल्याचा निरोप डोक्यात पोहोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. सात मिनिटांत जेवलात तर निरोप यायच्या आत दोन पोळ्या जास्त जातात आणि मग तडस लागते. भराभर गिळताना अन्नाबरोबर हवाही जाते, जेवल्यावरच्या पुष्कळशा ढेकरा तिच्याच असतात.

युक्ती सोपी आहे. पहिल्या फेरीत दोनच पोळ्या घ्या. पुढची वाढायला काकू येईपर्यंत कोशिंबीर, मुळा, काकडी जे असेल ते चावत राहा. भात शेवटी, आणि भूक असेल तरच. पैसे वसूल करायच्या नादात शेवटचा भात खाणाऱ्यांना माझा दंडवत. मीही त्यातलाच होतो.

जेवताना पाणी प्यायलं की पचन विरघळून जातं, ही भीती सोडा. एखाद-दुसऱ्या ग्लासाने जठराचं काम अडत नाही, ते गरजेप्रमाणे आम्ल सोडत राहतं. जेवण संपल्यावर तांब्याभर पाणी एकदम ओतलं तर पोट गच्च होतं, इतकंच. दिवसभरात दोन ते अडीच लिटर पुरे, उन्हाळ्यात जास्त. बाटलीच्या खुणा मोजत बसण्यापेक्षा लघवीचा रंग बघा. फिकट पिवळी असेल तर ठीक, गडद असेल तर पाणी कमी पडतंय.

किती प्यावं याइतकंच कुठलं प्यावं हेही बघा. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. हातापायांतली ताकद जाणारा हा आजार. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, आणि तो दूषित पाणी, कच्चं राहिलेलं चिकन यांतून पोटात जातो. टाकीचं पाणी, टँकरचं पाणी, कूलरचं पाणी यांची खात्री नसेल तर उकळा. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं. खोलीत इलेक्ट्रिक किटली असेल तर तिचा मॅगीपेक्षा हा उपयोग मोठा. पावसाळ्यात पाणीपुरी, गाडीवरची ओली चटणी आणि बर्फ यांना दोन-तीन महिने सुट्टी द्या. तळलेला गरम वडा त्या मानाने सुरक्षित असतो. त्रास देते ती सोबतची चटणी.

चौथा आठवडा: ताटात जे नाही ते

मेसच्या ताटात कमी पडतो तो चोथा, म्हणजे तंतू. आपल्याकडे लगेच "भाकरी खा" असं सांगतात. मीही भाकरीचाच माणूस, पण इथे थोडा गैरसमज आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये काढलेल्या अन्नघटकांच्या तक्त्यांत ज्वारी, बाजरी, नाचणी आणि गव्हाची कणीक या सगळ्यांत १०० ग्रॅमला १० ते ११ ग्रॅमच्या आसपास तंतू आहेत. पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात ३ ग्रॅमसुद्धा नाहीत. म्हणजे कोंडा न चाळलेल्या कणकेची पोळी भाकरीपेक्षा फारशी मागे नाही. नडतात ते मैदा मिसळलेल्या पांढऱ्याफटक पोळ्या, सकाळचा पाव, खारी आणि भाताचा डोंगर. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू आणि ४०० ग्रॅम भाज्या-फळं सुचवते. मेसची बटाट्याची रस्साभाजी त्यात फार भर घालत नाही.

काय वाढवायचं? रोज एक फळ. पेरू असेल तर उत्तम, बियांसकट. उसळ असेल तेव्हा नुसता रस्सा न घेता खालून दाणे मागा. काकडी, गाजर स्वतः धुऊन, स्वतः चिरून डब्यात ठेवा. संध्याकाळी खारीऐवजी फुटाणे. हंगामात पुरंदरची ताजी अंजिरं मिळतात, दोन-तीन खा. महाग वाटतात, पण चूर्णाच्या डबीपेक्षा चवीला नक्कीच बरी.

हे सगळं एकाच दिवशी सुरू केलंत तर पोट फुगेल आणि तुम्ही मला शिव्या द्याल. पी हळद अन् हो गोरी असं पोटाचं नसतं. दर चार-पाच दिवसांनी एक गोष्ट वाढवा, सोबत पाणीही. हरभरा, मटकी, राजमा यांत रॅफिनोजसारख्या काही शर्करा असतात. त्या फोडणारं पाचकद्रव्य आपल्या आतड्यात नाही. त्या तशाच मोठ्या आतड्यात पोहोचतात आणि तिथले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात, त्याचा हा वायू. कडधान्य भिजवून ते पाणी फेकून दिलं, मोड आणले की या शर्करा कमी होतात. आजीला रॅफिनोज माहीत नव्हतं, पण मोडाची उसळ माहीत होती. काही आठवड्यांत जिवाणूंनाही सवय होते.

एवढ्यानेही भागलं नाही तर इसबगोल. एक-दोन चमचे मोठ्या ग्लासभर पाण्यात टाकून फुगायच्या आत प्या आणि वर आणखी एक ग्लास पाणी. कमी पाण्यात घेतलं तर ते आत फुगून अडकू शकतं. सोनामुखी असलेली चूर्णं वेगळी. ती आतड्याला टोचून हलवतात, म्हणून सकाळी "काय जबरदस्त" वाटतं. कधीतरी ठीक, रोज नको. डबीवरचे घटक वाचा, बहुतेक चूर्णांत ती असतेच.

दुपारच्या जेवणानंतर वाटीभर ताजं ताक, जिरेपूड घालून. दूध प्यायल्यावर पोट गुडगुडतं अशी पुष्कळ माणसं आपल्याकडे आहेत, मोठेपणी दुधातली शर्करा पचवायची ताकद कमी होते म्हणून. विरजणात तिच्यातला काही भाग आधीच वापरला जातो, त्यामुळे दही-ताक अशांना सोसतं. जळजळीवर थंड दूध पिणाऱ्यांनी वहीत बघावं. अर्धा तास बरं वाटतं, मग बऱ्याचदा आम्ल पुन्हा वाढतं.

रविवार संध्याकाळ आणि उपास

पुण्यातल्या बहुतेक मेस रविवारी संध्याकाळी बंद. दुपारी फीस्ट असते, म्हणजे मसालेभात, भजी, गुलाबजाम. संध्याकाळी बाहेर पनीर किंवा बिर्याणी. सोमवारी सकाळी वहीत एक तर दोन नंबर असतो, नाहीतर सहा. रविवारी संध्याकाळी खोलीवर किटलीत, नसेल तर छोट्या कुकरमध्ये मऊ भात करा. वर मेतकूट आणि चमचाभर तूप. भात उरला आणि फ्रिज नसेल तर सकाळी खाऊ नका. बाहेर राहिलेल्या भातात वाढणाऱ्या एका जिवाणूचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही.

उपासाबद्दल एकच सांगतो. एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण कुणीतरी साबुदाण्याच्या खिचडीकडे बघूनच केली असावी. साबुदाण्यात तंतू जवळपास शून्य, वर तूप आणि शेंगदाणे. दुसऱ्या दिवशी पोट रुसणारच. रताळं, राजगिरा, काकडी, फळं, ताक यांवर उपास काढा. भगर घ्यायची तर बंद पाकिटातली, ताजी. ओल धरलेली किंवा महिनोन्महिने पडलेली भगर, तिचं पीठ फेकून द्या.

पोट खरंच बिघडलं तर

जुलाब लागले की माणूस जेवण तोडतो आणि पाणीही. पाणी तोडू नका. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली आणि सलाइन अपुरं पडलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजचं पाणी ड्रममधून वाटून शेकडो माणसं वाचवली. साखर आणि मीठ आतड्याच्या भिंतीतून जोडीने आत जातात आणि पाण्याला ओढून नेतात, म्हणून दोन्ही हवीत आणि प्रमाणात हवीत. औषधाच्या दुकानातलं ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या पाण्यातच कालवा. ते नसेल तर १ लिटर स्वच्छ पाणी, ६ सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ. दुकानातली गोड रंगीत पेयं त्याची जागा घेत नाहीत. खाण्यात मऊ भात, ताक, केळं. शौचात रक्त असेल किंवा ताप असेल तर जुलाब थांबवायच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका.

तिखटाने अल्सर होतो असं अजून सांगितलं जातं. तिखटाने जळजळ होते, ती खरी. अल्सरची मुख्य कारणं मात्र दोन: हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू, ज्याच्या शोधाला २००५ चं नोबेल मिळालं, आणि वेदनाशामक गोळ्या. परीक्षेच्या दिवसांत डोकं दुखतं म्हणून उपाशीपोटी रोज गोळी खाणारी मुलं मी पाहिली आहेत. ठेच्याला दोष देण्याआधी गोळ्यांची पट्टी बघा.

आणि "गॅस" या शब्दापासून सावध राहा. आपल्याकडे तो सगळ्यावर चिकटवतात. छातीत दाबल्यासारखं होतंय, घाम फुटलाय, दुखणं हातात किंवा जबड्यात सरकतंय, जिना चढताना वाढतंय, तर सोडा पिऊन वाट बघू नका. १०८ ला फोन करा. वय पंचविशीचं असलं तरी.

बाकी यांपैकी काही असेल तर डॉक्टरकडे जायचं: शौचात रक्त किंवा डांबरासारखी काळी शौच, प्रयत्न न करता उतरणारं वजन, गिळताना अडकणं, झोपेतून उठवणारी कळ, पिवळे डोळे, बेंबीपासून सरकत उजवीकडे खाली गेलेलं दुखणं. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळी होते आणि बिटाने लाल, तेवढं आधी आठवून बघा. जळजळीच्या गोळ्या दोन आठवडे घेऊनही पुन्हा पुन्हा लागत असतील तरी जा.

जाताना ती वही न्या. "पोट बरोबर नाही" असं सांगितलं तर डॉक्टरांना दहा प्रश्न विचारावे लागतात. मी वही समोर ठेवली तेव्हा त्यांनी दोन पानं उलटली, रात्री दहाच्या जेवणाखाली पेनाने रेघ मारली आणि पाचच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या.